संस्था शिकते कशी? कर्मवीरांच्या कार्याचा एक धडा

शाळेत मुले शिकतात हे सर्वांस ठाऊक आहे. शिक्षकही शिकत असतो, हे निदान चांगला शिक्षक तरी मान्य करील. परंतु शाळा चालविणारी संस्था स्वतः काही शिकते काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वार्षिक सभा भरते, अहवाल वाचला जातो, जमाखर्चास मंजुरी मिळते, चहापान होते. गतवर्षीची चूक मात्र पुढील वर्षी होती तेथेच उभी असते.

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न पडला तो एका किल्लीमुळे. पूर्वी मी एका शाळेत नोकरीस होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे एक ज्येष्ठ गुरुजी रात्रीची अभ्यासिका चालवीत. मुले बहुतेक यंत्रमाग कामगारांची. घरात एकच खोली, त्यामुळे अभ्यासाला जागा नाही. गुरुजी सेवानिवृत्त झाले आणि जूनमध्ये अभ्यासिका उघडलीच नाही. खोली होती, दिवे होते, बाके होती, किल्ली शिपायाजवळ होती. पण कोणत्या मुलाला घरी जाऊन आणावे लागते, कोण उपाशीपोटी येतो, कोणाचे गणित कोठे अडते, हे सारे गुरुजींच्या डोक्यात होते. आम्ही सात-आठ शिक्षक त्याच इमारतीत वावरत होतो, पण एकानेही त्यांना कधी विचारले नव्हते. शाल-श्रीफळासोबत ते शहाणपणही त्यांच्या घरी गेले. तो दोष माझाही आहे, म्हणून हा लेख.

संस्थांच्या शिकण्याचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत बराच झाला आहे. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन विद्वानांचा या विषयावरील ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी शिकण्याचे दोन प्रकार सांगितले. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. टाकी भरली की पंप बंद करावयाचा व रिकामी झाली की सुरू करावयाचा, हे पहिल्या प्रकारचे शिकणे. ही टाकी येथे असावी काय, एवढ्या पाण्याची गरज आहे काय, असे विचारणे हे दुसऱ्या प्रकारचे. शाळेत हजेरी घटली की आपण दंड बसवितो, पालकांना चिठ्ठी धाडतो. हजेरी ऊसतोडीच्या दिवसांतच का घटते आणि आपले वेळापत्रक कोणाच्या सोयीचे आहे, येथवर आपण क्वचितच पोहोचतो. आर्गिरिस यांचे आणखी एक निरीक्षण मार्मिक आहे. सुशिक्षित व यशस्वी माणसांनाच हे दुसरे शिकणे अधिक जड जाते, कारण आपले चुकले असे म्हणण्याची त्यांना सवय नसते.

हे सिद्धांत अमेरिकेत मांडले जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीत त्यांचा प्रयोग होऊन गेला होता. प्रयोग करणारा गृहस्थ मॅट्रिकपर्यंतही पोहोचला नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले त्या काळात राजर्षी शाहू महाराज एकामागून एक वसतिगृहे उभी करीत होते. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षणासाठी संस्था स्थापन होऊन महाराजांनी स्वतः तिचे अध्यक्षपद पत्करले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृह ही त्या काळाची निकड होती, कारण त्यावाचून त्या त्या समाजाची मुले शहरात टिकलीच नसती. भाऊराव जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले म्हणून परत आल्यावर स्नान करावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले.

दुसरा एखादा विद्यार्थी तक्रार करून थांबला असता. भाऊरावांनी शाहू महाराजांचे साधन उचलले, पण त्यामागील गृहीत बदलले. वसतिगृह हवेच, पण जातवार का? प्रथम आपल्या मिरज तालुक्यातील दुधगाव येथे १९०९-१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकही आपल्या हातांनीच करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. ज्यांच्या पद्धतीत बदल केला त्यांचेच नाव वसतिगृहास दिले, यात भाऊरावांची कृतज्ञता दिसते.

मधल्या काळात भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरत होते. आमच्या माधवनगराहून रेल्वेने कराडच्या दिशेने निघाले की नांद्रे, भिलवडी मागे पडते आणि किर्लोस्करवाडी येते. औंध संस्थानच्या या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्याची वसाहत वसविली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत असल्याने शेतकरी नांगराला हात लावीत नसत. पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षे गेली. लक्ष्मणरावांची माणसे निवडण्याची रीतही वेगळीच होती. शाळेत नापास झालेले शंभूराव जांभेकर तेथे इंजिनिअरचे काम पाहू लागले, शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या नव्या कल्पना लढवू लागले, आणि दरोड्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे वसाहतीची राखण सोपविण्यात आली. अशा ठिकाणी वावरलेल्या माणसास प्रमाणपत्रापलीकडचा माणूस दिसू लागला असल्यास नवल नाही. अर्थात हे माझे अनुमान आहे. शिवाय नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा नकार ऐकून घ्यावा लागतो. खेड्यातले मूल शाळेत का जात नाही हे समजण्यास याहून चांगली जागा नाही.

१९३५ हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी संस्थेची नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले. शाळा आधी आणि शिक्षक मागाहून, हा सर्वत्र दिसणारा क्रम येथे उलटा झाला. खेड्यात जाऊन राहील असा माणूस आधी घडविला, आणि मग डोंगराळ व आडबाजूच्या गावी व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. त्यांची संख्या पुढे पाचशेंच्या वर गेली. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी शासनाने व स्थानिक मंडळांनी उचलली, तेव्हा संस्थेने या शाळा त्यांच्याकडे सोपविल्या व आपले बळ माध्यमिक शाळांकडे वळविले. हातातल्या शेकडो शाळा सोडून देणे कोणत्याही संचालक मंडळास किती जड जाईल, याची कल्पना आपणा सर्वांस आहे. येथे तर एका शाळेची एक तुकडी दुसऱ्या इमारतीत हलविण्यावरून सभा रंगतात!

भाऊरावांचा स्वभाव मात्र सौम्य नव्हता. ते हट्टी होते, रागीट होते आणि संस्थेत अण्णांचा शब्द अखेरचा असे. अशा पुरुषाच्या मागे संस्था बहुधा कोसळते. याचे एक उदाहरण आपल्या समाजाच्या इतिहासातच आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढ येथे शाळा काढली व लवकरच तिचे कॉलेज झाले. पण हिशेब एका कारकुनाच्या हाती राहिला आणि १८९५ मध्ये एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर उघडकीस आली. आपल्यानंतर आपला मुलगा सय्यद महमूद याने चिटणीस व्हावे, ही तरतूद सर सय्यद यांनी आधीच करून ठेवली होती. त्यावरून जुने सहकारी मौलवी समीउल्ला खान दुरावले. १८९८ मध्ये सर सय्यद निवर्तले तेव्हा कॉलेज डबघाईस आले होते. सय्यद महमूद यांच्या हातून कारभार निभला नाही. १८९९ मध्ये मोहसिन-उल-मुल्क यांनी सूत्रे घेतली. त्यांनी देणग्या मिळविल्या, दुरावलेल्यांना जवळ केले आणि ती संस्था पुन्हा उभी राहिली. १९२० मध्ये तिचे विद्यापीठ झाले. सर सय्यद यांच्या थोरवीस यामुळे बाध येत नाही. परंतु त्यांच्या स्मृतिदिनी आपण केवळ थोरवी सांगतो आणि १८९५ चा हिशेब सांगत नाही, हे मला खटकते.

रयतमध्ये वेगळे घडले. वसतिगृहात वाढलेली मुलेच शिक्षक, मुख्याध्यापक व आजीव सेवक होऊन परत आली. लहानपणापासून तेथे वाढलेले पी. जी. पाटील विलायतेत बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्या महाविद्यालयात प्राचार्य झाले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले, तेव्हा संस्था कशी चालते हे शेकडो माणसांना ठाऊक होते. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. १९५५ मध्ये साताऱ्यास निघालेल्या तिच्या बी.एड. कॉलेजला मौलाना आझादांचे नाव आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

बी.एड.ला असताना आम्हा सर्वांजवळ पाठ-निरीक्षणाची एक वही असे. एकाने सरावपाठ घ्यावयाचा व इतरांनी मागच्या बाकावर बसून त्याचे गुणदोष लिहून खाली सही करावयाची. माझ्या पहिल्या पाठाखाली एका मित्राने लिहिले होते, "फळ्याकडे तोंड करून बोलतो, मुलांकडे पाहत नाही." तेव्हा राग आला होता. ती वही अद्याप माझ्याजवळ आहे. नोकरी लागल्यापासून मात्र माझ्या पाठाला मागच्या बाकावर कोणी सहकारी येऊन बसलेला नाही, आणि मीही कोणाच्या पाठाला बसलेलो नाही. रात्रीच्या अभ्यासिकेचे ते गुरुजी अजून हयात आहेत. येत्या सुट्टीत त्यांच्याकडे एक कोरी वही घेऊन जाण्याचे मी ठरविले आहे.