दार बंद, प्रश्न उघडा

१९७२. देसाईगंजचं पोलीस ठाणं, रात्रीची वेळ. भावाच्या तक्रारीवरून बोलावलेली आदिवासी पोर, दोन पोलीस. (तिचं नाव लिहीत नाय, कोर्टकचेरीत ते पुरेसं चघळलं गेलंय.) १९७४ला सेशन कोर्टानं तिलाच खोटारडी, सवयीची ठरवलं. १९७६ला नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ला सुप्रीम कोर्टानं सोडलं. अंगावर जखम नाही, म्हणजे संमती! आता ठाण्यातच, वर्दीपुढं, पोरीनं ओरडायचं ते कुणाच्या नावानं?

१९७९ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३चा कायदा झाला: साक्ष बंद दाराआड, नाव छापायला बंदी. पण पुरावा कायद्याचं कलम १५५(४) तसंच राहिलं. दाराआड वकील तिचं चारित्र्य काढायला मोकळा. ते कलम गेलं २००२च्या दुरुस्तीनं. मधल्या एकोणीस वर्षांत पिंजऱ्यातल्या बाईला काय काय विचारलं, बंद दारातून बाहेर कुणाला ऐकू आलं?