मुक्याची फिर्याद

मुक्या जनावराला फिर्याद करता येत नाही. त्याच्या वतीने कायद्यालाच बोलावे लागते. हे अमेरिकेला २००७ साली उमगले. पाळलेली कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. मार्चमध्ये मेनू फूड्स या कॅनडातील कंपनीने खाद्याचे सहा कोटींवर डबे व पाकिटे परत मागवली. ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिन, म्हणून चीनहून आलेल्या मालात मेलामाइन निघाले. प्रथिने मोजतात ती नायट्रोजनवरून, आणि मेलामाइनमध्ये तो विपुल. त्यामुळे हलका मालही परीक्षेत उत्तम ठरे!

सिनेटर डिक डर्बिन यांनी आवाज उठवला. सप्टेंबरात कायदा झाला : प्राण्यांच्या खाद्याची मानके दोन वर्षांत ठरवावीत. मुदत उलटली, मानके ठरली नाहीत. सदोष अन्न सक्तीने परत मागवण्याचा अधिकार तर सरकारला २०११ च्या जानेवारीत मिळाला.

दरम्यान २००८ साली चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्यांच्या दूधभुकटीत सापडले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. ताटलीतले विष पाळण्यापर्यंत पोचायला वर्षही पुरले.

कायदे करणाऱ्यांना सांगणे एवढेच : मुक्याच्या ताटलीवर पहारा बसवा. तान्ह्याला तरी कुठे बोलता येते?