फलकलेखनाचा कुंचला

फलकलेखनाचा कुंचला हे दुकानांच्या पाट्या, भिंती व वाहने यांवर अक्षरे रंगविण्याचे साधन आहे. तो खारीच्या शेपटीच्या किंवा बैलाच्या कानातील केसांपासून बनवितात. डिजिटल फ्लेक्स येण्यापूर्वी जळगाव व धुळे येथील बाजारपेठांतील पाट्या पेंटर हातानेच रंगवीत.

हवामानाचा परिणाम
केसाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवल्यांमुळे कुंचला रंग धरून ठेवतो. मात्र इनॅमल रंग धातूच्या कड्याजवळ सुकल्यास केस फाकतात व रेषा सरळ येत नाही. जळगाव परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे कामाच्या मधल्या वेळेतही कुंचला धुवावा लागतो.

निगा
नव्या कुंचल्याच्या केसांवरील डिंक कोमट पाण्याने काढून केस पूर्ण वाळवितात. काम संपताच रंग फडक्याने पुसून कुंचला टर्पेंटाइन किंवा रॉकेलमध्ये दोन-तीनदा खळबळतात. रोजच्या वापरातील कुंचला न सुकणाऱ्या खनिज तेलात भिजवून, बोटांनी आकार देऊन आडवा ठेवतात. जवसाचे तेल हवेत घट्ट होते, म्हणून ते वापरत नाहीत. पुढील वापरापूर्वी तेल काढून न टाकल्यास रंग नीट सुकत नाही. दीर्घकाळ ठेवायचा कुंचला साबणाने धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्यांसह बंद डब्यात ठेवतात. अन्यथा कसर केस खाते.

कायदा
मुंगसाचे केसही कुंचल्यांसाठी वापरले जात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित असल्याने त्याची शिकार व केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.