कुणकेश्वरच्या यात्रेची वाट

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातले कुणकेश्वर हे समुद्राला अगदी लागून वसलेले गाव. महाशिवरात्रीला, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीला, इथल्या शिवमंदिराची यात्रा भरते आणि पाठोपाठच्या अमावास्येला गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानासाठी किनाऱ्यावर उतरतात. एवढी माणसे गोळा करणाऱ्या या गावाला स्वतःचे बंदर मात्र नाही. समोर उघडी पुळण, आणि देवगडच्या बाजूला तारामुंबरी व मिठमुंबरी यांच्यामधली खाडी. त्यामुळे यात्रेकरूला आधी कुठे उतरायचे ते ठरवावे लागे आणि मगच कशाने जायचे ते.

जवळपासच्या गावांना फारसा विचार पडत नसे. माणसे चालत येत, नाहीतर गाडी जुंपून रात्री निघत आणि पहाटे पोचत. खाडीच्या पलीकडचे लोक होडीने पार होत. वेळ भरती-ओहोटीची तिथी पाहून ठरायची, आणि ती कोकणातल्या पोरालाही तोंडपाठ असायची.

खरा पेच होता मुंबईकर चाकरमान्यांचा. गिरण्यांत, गोदीत आणि पेढ्यांवर नोकरीला असलेल्या या माणसांना गाव गाठण्याचा सरळ मार्ग म्हणजे समुद्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून दक्षिणेकडे आगबोटी नियमित जाऊ लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि स्वदेशीच्या वाऱ्यावर निघालेली, लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलीशी केलेली सहकारी कंपनी यांच्या बोटी या मार्गावर धावत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरे घेत बोट देवगडला लागे. अर्थात ‘लागे’ हे म्हणायलाच. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पडाव लाटेवर वर आला की त्याच क्षणी शिडीवरून पाय टाकायचा. ट्रंका, वळकट्या आणि पोरे खलाशी हातोहात खाली घेत. डेकचे तिकीट स्वस्त, पण जागा ज्याने आधी वळकटी पसरली त्याची. ज्याला बोट लागे, त्याचा प्रवास पोटाला धरूनच व्हायचा. देवगडला उतरल्यावर पुन्हा तारामुंबरीची तर आणि पुढे पायवाट.

तरीही कुणकेश्वरच्या यात्रेकरूंचे नशीब गणपतीला जाणाऱ्यांपेक्षा बरे होते. मे महिना सरता सरता कोकणची बोट बंद होई आणि पावसाळा ओसरल्यावरच पुन्हा सुरू होई. गणेशचतुर्थी बहुधा त्या बंद काळात किंवा त्याच्या अगदी काठावर येई. महाशिवरात्र पडते फेब्रुवारी-मार्चमध्ये, समुद्र शांत असताना. श्रावणी सोमवारीही कुणकेश्वरला गर्दी असते, पण बोटींच्या काळात ती मुख्यतः आसपासच्यांचीच राहणार हे उघड आहे. पावसातला समुद्र काय करू शकतो याचा धडा १७ जुलै १९४७ रोजी मिळाला. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस तर मुंबईच्या समोरच आहे.

घाटावरच्या लोकांची वाट निराळी. कोल्हापूरपर्यंत रेल्वे १८९१ मध्ये आली. तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरला की नांदगावमार्गे देवगडचा रस्ता मिळे. समुद्राची धास्ती घेतलेले काही मुंबईकरही पुणे-कोल्हापूर असा लांबचा फेरा पत्करून घाटाने उतरत. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, पण पाय जमिनीवर.

१९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत तिने हे गणित पार बदलले. बोट माणसाला बंदरात सोडी, एसटी तिठ्यावर आणि पुढे थेट गावात. मुंबई-गोवा रस्ता सुधारत गेला तसे बोटीचे उतारू घटले. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या शेवटच्या काळातल्या बोटींची नावे जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. १९८०च्या दशकाअखेर ही प्रवासी वाहतूक थांबली. ती थांबण्याचे खापर केवळ एसटीवर फोडणे बरोबर नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांत शेवटपर्यंत बोट धक्क्याला लावायची सोय झाली नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला पडावात उडी टाकण्यापेक्षा वळणावळणाचा रस्ता परवडला.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. पण ती देवगड तालुक्याच्या किनाऱ्यापासून बरीच आत, कणकवली-नांदगावच्या बाजूने जाते. म्हणजे रात्री गाडीत बसून सकाळी कणकवलीला उतरायचे आणि उरलेल्या टप्प्यासाठी पुन्हा एसटी किंवा सहाआसनी शोधायची. सामान थोडे आणि आरक्षण हातात असेल तर रेल्वे उत्तम. अख्खे कुटुंब, नारळ-तांदळाच्या गोणी आणि परतीला आंब्याच्या रोपांची पिशवी असेल तर मुंबईहून थेट देवगडला येणारी गाडी सोयीची. खाडीवर तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाल्यावर देवगडहून कुणकेश्वरचे अंतर बरेच कमी झाले, आणि जुनी तर मागे पडली.

यात्रेच्या दिवसांत एसटी आसपासच्या आगारांतून जादा गाड्या सोडते. खासगी वाहने गावाबाहेर थांबवली जातात आणि तिथून देवळापर्यंत सगळ्यांनाच चालावे लागते. तरंग घेऊन आलेल्या देवस्वाऱ्यांना मात्र गर्दीतून वाट करून दिली जाते.