बातमीदार घडवायचा कुठं?

वाकनीस हे आडनाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्या मुळाशी फारसी शब्द आहे, वाकिआनवीस. वाकिआ म्हणजे घडलेली गोष्ट आणि नवीस म्हणजे लिहिणारा. मोगलांच्या सुभ्यांतून काय घडतं आहे ते लिहून दरबारात पाठवणारे असे लेखक नेमलेले असत. शिवरायांच्या अष्टप्रधानांतल्या मंत्र्याचं जुनं नावही वाकनीसच. अखबार हा शब्दही तिकडचाच, खबर या शब्दाचं अनेकवचन. म्हणजे बातमी लिहून पोट भरणारी माणसं आपल्याकडे छापखान्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण हा वाकनीस शिकायचा कुठं? दफ्तरात, जुन्या लेखकाच्या शेजारी बसून. वळण गिरवायचं, नक्कल करायची, चुकलं की बोलणी खायची. छापखाना आल्यावरही यात फारसा फरक पडला नाही. खिळे जुळवणारा पोरगा मुद्रितं तपासायला लागायचा, मुद्रितं तपासणारा एखादी बातमी लिहायचा आणि दैवात असेल तर संपादक व्हायचा.

ही विद्या महाविद्यालयात शिकवावी, तिची पदवी द्यावी, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची. आणि ती सुचली कुणाला? एका पराभूत सेनापतीला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली व्हर्जिनियातल्या लेक्झिंग्टन गावी वॉशिंग्टन कॉलेजचा अध्यक्ष झाला. उद्ध्वस्त दक्षिण पुन्हा उभी करायची तर चांगली वर्तमानपत्रं हवीत, असं त्याच्या मनानं घेतलं. १८६९ साली वृत्तपत्राच्या कामासाठी पन्नास शिष्यवृत्त्या द्यायचं ठरलं. विद्यार्थ्यानं इतर विषय शिकायचे आणि शिवाय छापखान्यात काम करायचं. पुढच्याच वर्षी ली वारला आणि ती योजना काही वर्षांत विझून गेली. त्या काळच्या नामांकित संपादकांनी तिची टिंगलच केली होती. बातमीदारी शिकवायला कॉलेज कशाला, कचेरी आहे की, हा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा अजून मेलेला नाही. आजही कुठल्याही वृत्तपत्राच्या कचेरीत चहाच्या वेळी तो ऐकायला मिळतो.

मिझुरी राज्यात कोलंबिया नावाचं एक गाव आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नाही, आणि पुढे त्या विद्यापीठाचीही गोष्ट येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. या गावातल्या मिझुरी विद्यापीठात १४ सप्टेंबर १९०८ रोजी पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय सुरू झालं. पत्रकारितेची पदवी देणारं हे जगातलं पहिलं विद्यालय मानलं जातं. त्याचा संस्थापक वॉल्टर विल्यम्स. हा गृहस्थ बूनव्हिल नावाच्या गावात छापखान्यात उमेदवारी करत वर आलेला. कॉलेजची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधी चढला नाही. पत्रकारितेची पदवी ज्यानं जगाला दिली त्याच्याकडे स्वतःची कुठलीच पदवी नव्हती! पुढे १९३१ साली तो त्याच विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. मला यात विसंगती वाटत नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरांना मिळावं, असं वाटणारे बाप आपल्याकडे घरोघर आहेत.

विल्यम्सची खरी करामत वेगळीच होती. विद्यालय उघडलं त्याच दिवशी विद्यार्थ्यांचं दैनिकही निघालं. वर्गात भिंतीवर लावायचं हस्तलिखित नव्हे, गावानं वाचायचं खरंखुरं वर्तमानपत्र. गावच्या सभेची बातमी चुकली तर सभेला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर. परीक्षेत चुकलं तर गुण जातात, इथं चुकलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. पण विद्यार्थ्याचा सगळा दिवस त्या कचेरीत जावा, अशी ही योजना नव्हती. चार वर्षांच्या अभ्यासात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भाषा यांचा वाटा मोठा होता आणि बातमी लिहिण्याचा, छापण्याचा वाटा लहान. बातमी कशी लिहायची हे काही महिन्यांत शिकवता येतं, बातमी कशाला म्हणायचं हे कळायला मात्र बाकीचं सगळं लागतं.

जोसेफ पुलित्झरचंही म्हणणं साधारण हेच. हंगेरीतून आलेला हा पोरगा अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला धड इंग्रजी येत नव्हतं. तो वृत्तपत्रांचा धनी झाला, खप वाढवण्यासाठी भडकपणाही त्यानं भरपूर केला. उतारवयात डोळे गेल्यावर त्यानं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या विद्यालयासाठी वीस लाख डॉलर देऊ केले. धंद्याचं गणित, जाहिराती, खप हे तिथं शिकवू नये असा त्याचा आग्रह. कायदा, इतिहास, नीती, भाषा हे शिकवावं. ज्यानं आयुष्यभर खपाचं गणित केलं त्यानंच ते वर्गाबाहेर ठेवायला सांगितलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तो १९११ साली वारला. विद्यालय १९१२ साली उघडलं, तेही आधी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच. पुढे १९३५ साली कोलंबियानं धोरण बदललं. आधी कुठल्याही विषयात पदवी घेऊन या, मग वर्षभर पत्रकारिता शिकवतो, असं ठरलं. मिझुरीनं आपली वाट सोडली नाही. बारावीनंतर पत्रकारिता की पदवीनंतर, हा आजचा वाद तिथूनच चालत आला आहे.

आता कोलंबियाचा आपल्याशी असलेला धागा. विद्यालय उघडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी त्या विद्यापीठात दाखल झाला. पत्रकारितेच्या वर्गात त्यांनी नाव घातलं नाही. ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र शिकले. आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. मग १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पुलित्झर पत्रकाराला जे विषय शिकवा म्हणत होता, जवळजवळ तेच शिकून आलेला हा संपादक होता. फक्त त्याच्याजवळ पत्रकारितेचं प्रमाणपत्र नव्हतं.

मराठीची रीत तशी आधीपासून हीच. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे होते. आजच्या हिशेबानं पदवीच्या वर्गात बसण्याचं वय. एकाच पानावर एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. टिळक-आगरकर शाळा-कॉलेजात शिकवत शिकवत संपादक झाले. पण सगळेच काही असे शिकलेले नव्हते. १८७७ साली निघालेलं कृष्णराव भालेकरांचं 'दीनबंधु' पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. लोखंडे गिरणीत नोकरी केलेले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' काढलं, तेही नगर जिल्ह्यातल्या खेड्यात बसून. या माणसांना कुणी प्रवेशपरीक्षा विचारली असती तर मराठी पत्रकारितेचा अर्धा इतिहास दाराबाहेरच राहिला असता.

आपल्या देशात विद्यापीठानं हे शिकवावं, असा पहिला प्रयत्न ॲनी बेझंट यांचा. १९२० साली अड्यारच्या त्यांच्या राष्ट्रीय विद्यापीठात पत्रकारिता हा विषय आला आणि प्रत्यक्ष कामाला त्यांचं 'न्यू इंडिया' दैनिक होतंच. तो फार टिकला नाही. दुसरा प्रयत्न १९३८ सालचा, अलिगढचा. कुलगुरू होते सर शाह मुहम्मद सुलेमान. मोठे कायदेपंडित, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि फावल्या वेळात आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताशी भांडणारे गणिती. त्यांनी पत्रकारितेची पदविका सुरू केली आणि रहम अली अल-हाशमी यांच्या हाती दिली. दोनेक वर्षांत हाशमी आणि विद्यापीठ यांचं फाटलं आणि वर्ग बंद पडला. पण हाशमींनी 'फन-ए-सहाफत' हे उर्दू पुस्तक लिहिलं. सहाफत म्हणजे पत्रकारिता. वर्ग गेला तरी त्या भाषेत शिकणाऱ्याच्या हातात काहीतरी उरलं. ही गोष्ट मला मोठी वाटते.

मग १९४१ साली लाहोर. पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी विभाग उभा केला. ते शिकले होते मिझुरीत आणि लंडनमध्ये. म्हणजे विल्यम्सचं बी लाहोरात येऊन रुजलं. सहा वर्षांत फाळणी झाली. विभागाचीही झाली. सिंग इकडे आले, दिल्लीत वर्ग पुन्हा सुरू झाला आणि १९६२ साली तो चंदीगडला गेला. तिकडे लाहोरातही विभाग चालू राहिला. आज चंदीगड आणि लाहोर, दोन्ही ठिकाणचे विभाग आपलं स्थापनावर्ष १९४१ हेच सांगतात. दोघांचंही खरं आहे. फाळणीत घरं वाटली गेली, ग्रंथालयं वाटली गेली, पण हे एक साल कुणाला तोडता आलं नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठं या वाटेला लागली. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरची पदविका. खरा पदवीपूर्व प्रयोग झाला म्हैसूरला, महाराजा कॉलेजात, १९५१ साली. तिथं बी.ए.च्या विद्यार्थ्याला इतर विषयांबरोबर पत्रकारिता हा एक विषय म्हणून घेता येऊ लागला. तो उभा करणारे नाडिग कृष्णमूर्ती हेही मिझुरीचेच विद्यार्थी. बी.ए. बी.ए.च राहिलं आणि त्यातच बातमीदारीला एक खुर्ची मिळाली. मी स्वतः साधा बी.ए. आहे, तेव्हा ही कल्पना मला जवळची वाटली तर ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं!

आपल्याकडे नागपूर पुढे होतं. हिस्लॉप कॉलेजात १९५२ च्या सुमारास विभाग सुरू झाला, त्यासाठी अमेरिकेच्या सिरॅक्यूज विद्यापीठातून रोलंड वूल्झली हे प्राध्यापक फुलब्राइट योजनेतून आले होते. पुण्यात विद्यापीठाचा विभाग १९६४ साली फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला. त्या दगडी इमारतीतून बाहेर पडलेले लोक आज मराठी वर्तमानपत्रांत जागोजाग दिसतात. पण तिथंही आधी पदवी, मग पत्रकारिता. चाळीस-पन्नास वर्षं महाराष्ट्रात हीच वाट होती. म्हणून इतिहास शिकलेला, वनस्पतिशास्त्र शिकलेला, कायदा शिकलेला असे नाना तऱ्हेचे लोक बातमीच्या टेबलाशी एकत्र यायचे. वाहिन्या आल्या, माणसं हवी झाली आणि तीही लवकर.

मुंबई विद्यापीठानं २००० साली बॅचलर ऑफ मास मीडिया, म्हणजे बीएमएम, ही तीन वर्षांची पदवी सुरू केली. बारावी झाली की थेट प्रवेश. तिसऱ्या वर्षी दोन फाटे, एक जाहिरातीचा आणि एक पत्रकारितेचा. पुलित्झरनं ज्या दोघांना एका छपराखाली आणू नका म्हटलं होतं, ते इथं एकाच बाकावर आले. मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. अभ्यासक्रमात साहित्य होतं, समाजशास्त्र होतं, मानसशास्त्र होतं, ते चांगलंच होतं. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित, त्यामुळे साध्या बी.ए.च्या मानानं फी जास्त. आणि सुरुवातीला तो सगळा इंग्रजीत. गिरणीतल्या लोखंड्यांना आणि खेड्यातल्या मुकुंदरावांना जे दार उघडं होतं ते त्यांच्या पणतवांसाठी अरुंद झालं, तेही पत्रकारितेचं शिक्षण सर्वांना मिळावं म्हणून काढलेल्या पदवीनं. पुढे काही महाविद्यालयांनी मराठी माध्यमातून वर्ग काढले ही चांगली गोष्ट झाली. पण वर्ग मराठी आणि पुस्तकं इंग्रजी अशी अवस्था असेल तर शिक्षकानं रात्री भाषांतर करायचं आणि सकाळी सांगायचं, एवढंच हाती उरतं. मराठीतली जुनी, चांगली पुस्तकं शोधली तर सापडतात, पण ती मुख्यतः इतिहासाची. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, कोर्टाच्या निकालाची बातमी कशी करायची, हे पंधरा रुपयांच्या वहीइतक्या सोप्या मराठीत सांगणारं पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात पडायला हवं. हाशमींनी उर्दूसाठी केलेलं काम ते हेच.

२०१९ साली मुंबई विद्यापीठानं या पदवीचं नाव बदललं. आता ती 'बी.ए. इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन' झाली. नव्या शैक्षणिक धोरणानं चौथं वर्षही जोडता येऊ लागलं, आणि मुख्य विषयासोबत दुसरा एखादा विषय घेण्याची सोय केली. १९५१ साली म्हैसूरनं जे केलं त्याची ही उलटी बाजू आहे. तिथं बी.ए.च्या विद्यार्थ्यानं पत्रकारिता जोडून घेतली, इथं पत्रकारितेच्या विद्यार्थ्यानं इतिहास किंवा मराठी जोडून घ्यायची आहे. महाविद्यालयात त्या विषयाचा शिक्षक असेल, आणि दोन्ही तासांच्या वेळा जमत असतील, तर तशी वाट आहे.