ग्लूटेनमुक्त सौंदर्यप्रसाधनांचा शोध : घटकनोंदीच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन ज्यांना वर्ज्य आहे, अशा व्यक्तींपुढील पहिला प्रश्न अन्नाचा असतो. तथापि स्वयंपाकघरातून गहू हद्दपार केला तरी तो न्हाणीघरात व आरशासमोर शिल्लक राहू शकतो. केसांना मऊपणा यावा, त्वचेतील ओलावा टिकावा यासाठी शाम्पू, साबण, मलम इत्यादींत गव्हाचे प्रथिन किंवा गव्हांकुराचे तेल वापरले जाते. अशा प्रसाधनांची निवड कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न वरकरणी वैयक्तिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर वेष्टनावरील घटकयादीत शोधावे लागत असल्याने तो विज्ञानाच्या व कायद्याच्या इतिहासाशी निगडित आहे. ही यादी मुळात रुग्णासाठी निर्माण झालेली नव्हती आणि तिच्या मर्यादांचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे, हे प्रस्तुत निबंधात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विकाराचे आकलन :

इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी गव्हाचे पीठ पाण्याने धुऊन त्यातील चिकट पदार्थ वेगळा केला. त्यांचे हे कार्य १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८८ मध्ये लंडन येथील सॅम्युअल गी यांनी सीलिअॅक विकाराचे आधुनिक काळातील पहिले नेमके वर्णन केले व त्याचा उपाय आहारात असावा असे सुचविले. मात्र नेमके कोणते अन्न अपायकारक आहे याचा उलगडा होण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये उट्रेक्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात गव्हाचा या विकाराशी असलेला संबंध दाखवून दिला.

या आकलनातून पुढे नियमन उभे राहिले. २००८ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने ग्लूटेनमुक्त अन्नासाठी प्रतिकिलो २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. अमेरिकेने २०१३ मध्ये तीच मर्यादा स्वीकारली. परंतु हे दोन्ही निर्णय अन्नापुरतेच होते. सौंदर्यप्रसाधने त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

येथे दोन विकारांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सीलिअॅक विकारात ग्लूटेन आतड्यात पोहोचल्यानंतर अपाय होतो. त्वचेवर लावल्याने तसा अपाय होतो याचा पुरावा उपलब्ध नाही. म्हणून अशा रुग्णांची चिंता मुख्यतः ओठांची प्रसाधने, दंतमंजन व हातांवरून तोंडात जाणारे पदार्थ यांपुरती मर्यादित असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात मुखस्वच्छतेची व सौंदर्याची ६६ उत्पादने तपासण्यात आली. त्यांपैकी ६२ उत्पादने उपरोक्त मर्यादेच्या आत आढळली. म्हणजेच धोका सरसकट नाही, परंतु तो शून्यही नाही. गव्हाच्या अॅलर्जीचे स्वरूप मात्र सर्वस्वी भिन्न आहे. तेथे त्वचा हीच विकाराचे प्रवेशद्वार ठरू शकते.

घटकयादीचा उगम :

अमेरिकेत प्रसाधनांवर घटक छापण्याची सक्ती १९६६ च्या वेष्टन व लेबलविषयक कायद्याच्या आधारे, १९७७ पासून अमलात आली. ग्राहकाला निरनिराळ्या वस्तूंची व त्यांच्या मूल्याची तुलना करता यावी, हा त्या कायद्याचा हेतू होता. सुगंधी द्रव्यांचे घटक वेगवेगळे न सांगता एका शब्दात नोंदविण्याची मुभाही उत्पादकांना मिळाली. युरोपीय समुदायाने १९९३ च्या निर्देशाद्वारे पूर्ण यादी आवश्यक केली, तर जपानमध्ये २००१ पासून प्रसाधनांवर सर्व घटक देणे बंधनकारक झाले.

नावांच्या एकरूपतेमुळे व्यापार सुलभ झाला, परंतु सामान्य वाचकाची अडचण वाढली. वनस्पतींची नावे लॅटिनमध्ये देण्याच्या प्रथेमुळे गहू हा 'ट्रिटिकम व्हल्गेर' आणि जव हा 'होर्डियम व्हल्गेर' या नावाने वेष्टनावर अवतरला. गव्हाशिवाय ज्यांचा दिवस जात नाही, त्यांनाही ही नावे ओळखता येणे कठीणच. अमेरिकेतील २००४ च्या अॅलर्जीविषयक कायद्याने अन्नपदार्थांवर गव्हाचा उल्लेख सोप्या शब्दात करणे बंधनकारक केले. मात्र प्रसाधनांना तो कायदा लागू झाला नाही.

जपानमधील घटना :

त्वचा ही अभेद्य भिंत आहे, या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का जपानमध्ये बसला. २००४ ते २०१० या काळात तेथे चेहऱ्यासाठीच्या एका साबणाच्या सुमारे ४ कोटी ६५ लाख वड्या विकल्या गेल्या. त्यात आम्ल व उष्णता यांच्या साहाय्याने अंशतः विघटित केलेले गव्हाचे प्रथिन होते. पूर्वी गहू निर्धास्तपणे खाणाऱ्या व्यक्तींना या साबणाच्या नित्य वापरानंतर पाव किंवा शेवया खाल्ल्यावर पापण्या सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे त्रास होऊ लागले. काहींच्या जिवावर बेतले. २०११ मध्ये बाजारातील साबण परत मागविण्यात आला. जपानी अॅलर्जी संस्थेच्या विशेष समितीने केलेल्या पाहणीत ऑक्टोबर २०१४ पर्यंत २,१११ रुग्णांची निश्चिती झाली.

या प्रथिनाचे रेणू मोठे राहिले होते. साबणाने त्वचेचे संरक्षक आवरण सैल होत असल्याने त्यांचा शरीराशी रोज संपर्क घडत गेला. वेष्टनावरील नावावरून मात्र रेणूंचा आकार कळत नाही. यादी अचूक असूनही अपुरी असू शकते, हा या घटनेचा बोध होय. त्याची दखल घेऊन युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाद्वारे प्रसाधनांतील अशा प्रथिनाच्या रेणूंच्या सरासरी वजनावर ३.५ किलोडाल्टन ही मर्यादा घातली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, अन्न व प्रसाधन यांच्यात कायद्याने आखलेली सीमारेषा शरीर पाळत नाही. ओठांवरील रंग पोटात जातो आणि चेहऱ्यावरील फेस शरीराला अन्नाचे वैर शिकवू शकतो. भारतातही २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार घटकयादी आवश्यक आहे. परंतु यादी असणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपानमध्ये दोन हजारांहून अधिक व्यक्तींना ज्ञानाची किंमत आपल्या आरोग्याने मोजावी लागली. गव्हाला गहू म्हणणारी, ग्राहकाच्या भाषेतील सुबोध नोंद ही म्हणूनच केवळ सोय नसून रुग्णाचा हक्क आहे. तो मान्य होईपर्यंत ग्लूटेनमुक्त प्रसाधनांच्या शोधाचा भार एकट्या रुग्णावरच राहील.