भंडाऱ्याचा पावसाळा आणि सुताराची हत्यारे

भंडारा जिल्ह्यात सुताराच्या हत्यारांचा खरा वैरी पावसाळा. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या धानाच्या आणि तलावांच्या मुलखात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज झपाट्याने वाढतो.

विदर्भात लोखंडाची परंपरा फार जुनी आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. पुढे गावगाड्यात लोहार हत्यार घडवी आणि सुतार ते चालवी; दोघांनाही कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्यात मिळे. वाकस, पटाशी, करवत आणि रंधा हेच सुताराचे भांडवल. गंजाने धारेला खड्डे पडले की पाते घासून मागे न्यावे लागते आणि त्याचे आयुष्य तेवढे घटते.

पावसाळ्यातही सुताराला उसंत नसे. पेरणीपूर्वी नांगर, वखर आणि बंडीची दुरुस्ती, तर श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर येणाऱ्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी. ओल्या बाभळीतील टॅनिनामुळे पाते निळे-काळे पडते आणि हाताच्या घामातील मीठ गंजाला वाट करून देते. म्हणून काम संपताच पाते पुसणे महत्त्वाचे. रंध्याच्या लाकडी खोडात ओल मुरते. ती पात्याला लागू नये म्हणून पाचर सैल करून पाते बाहेर काढायचे, कोरड्या चिंधीने पुसायचे आणि तेलाचा हात फिरवून ठेवायचे.

तेलासाठी दूर जावे लागत नसे. उभ्या धानात उतेरा पद्धतीने पेरलेल्या जवसाचे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते. लाकडी मुठीला ते उत्तम, पण धारेवर साचले तर चिकट होते. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते आणि पात्यावर जाडसर थर धरून राहते.

उबेचाही उपयोग होतो. खोली उबदार झाली की तिथली सापेक्ष आर्द्रता उतरते. मात्र जळणाऱ्या लाकडातून आणि उकळत्या भांड्यातून वाफही निघते. म्हणून चुलीची ऊब धूर आणि वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या खोलीतच कामाची. राख ओल धरते, त्यामुळे घासण्यासाठी वापरलेली राख पात्यावर राहू देणे घातक.

पावसाळा सरताना आश्विनात खंडेनवमी येते. त्या दिवशी कारागीर आपली हत्यारे घासून-पुसून पूजतात. पूजेच्या निमित्ताने चार महिन्यांच्या ओलीनंतर प्रत्येक पाते हाती घेऊन तपासले जाते. ही प्रथा श्रद्धेइतकीच शहाणपणाची आहे.

रेल्वे आल्यावर तयार पोलादी पाती आणि यंत्राचे तेल गावोगावच्या बाजारात पोहोचले. विसाव्या शतकाच्या अखेरीस भंडाऱ्याजवळ वरठी येथे पोलादाचा कारखानाही उभा राहिला. तरीही सुताराच्या पात्याचे कर्बयुक्त पोलाद ओलसर हवेत आजही गंजते, आणि कोरडी चिंधी व तेलाचा पातळ थर हाच त्यावरचा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.